आधी सांगा, मग झाका, मग हात लावा : रुग्णाचा मान राखणारी शुश्रूषा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी नेमणूक कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया कक्षात होती. सकाळची पाळी सुरू झाली होती, डॉक्टरांचा राउंड नऊला यायचा होता आणि त्याआधी सहा रुग्णांच्या लघवीच्या नळ्यांची स्वच्छता उरकायची होती. भुदरगडकडच्या एका आजोबांच्या खाटेजवळ जाऊन मी काहीही न बोलता त्यांच्या अंगावरची चादर पायांकडून वर सारली. शेजारच्या खाटेवर तीन पाहुणे चहा पीत बसले होते. आजोबांनी चादर मागे ओढली नाही, ते माझ्यावर रागावलेही नाहीत. त्यांनी उशाखाली हात घालून आपली पांढरी टोपी काढली, ती डोक्यावर नीट बसवली आणि डोळे मिटून घेतले. चारचौघांत उघड्या पडलेल्या त्या माणसाजवळ स्वतःला झाकायला तेवढेच काय ते उरले होते.

माझे काम तसे बिनचूक झाले होते. जागा स्वच्छ झाली, पुढे संसर्गही झाला नाही, नोंदवहीत वेळ लिहिली गेली. चुकला होता तो क्रम. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत नव्या अधिपरिचारिकांना आणि ब्रदरना, म्हणजे पुरुष परिचारकांना, मी हा क्रमच शिकवत आले आहे : आधी सांगायचे, मग झाकायचे आणि त्यानंतरच हात लावायचा. भरलेल्या कक्षात यासाठी वेळ कुठून आणायचा, असे प्रत्येक जण विचारतो आणि तो प्रश्न खोटा नाही. परंतु या तीन गोष्टींना किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिले आहे, तो अर्ध्या मिनिटाच्या वर जात नाही. पुढचे लेखन मुख्यतः रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी आहे, पण घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

हाक कशी मारावी

रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने ओळखण्याची सवय आपल्याला इतकी जडलेली असते की ‘सात नंबरचं सलाईन संपलंय’ हे वाक्य त्या सात नंबरच्या देखत बोलले जाते आणि ते कुणालाच खटकत नाही. क्रमांक कागदासाठी ठेवावा. औषध देण्यापूर्वी रुग्णाकडूनच त्याचे पूर्ण नाव वदवून घेणे हा सुरक्षिततेचा नियम आहे. त्याच वेळी ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हेही विचारून घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यात याचे उत्तर बहुधा आबा, आण्णा, आक्का, मामा, काकी यांपैकी एक येते. निवृत्त मुख्याध्यापक ‘सर म्हणा’ असे सांगतात, त्यांना सरच म्हणावे. विचारल्याशिवाय पन्नाशीच्या बाईला आज्जी म्हणू नये. ती हाक ऐकून चेहरा उतरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आपल्याकडे एकेरी बोलणे ही मायेची भाषा आहे, हे मान्य. घरातल्या म्हातारीला नातवंडे ‘ए आज्जे’ म्हणतात आणि तिला त्यात सुख वाटते. पण तो अधिकार तिने नातवंडांना दिलेला असतो. रुग्ण आपल्याशी एकेरीत बोलला तरी आपण ‘तुम्ही’च म्हणावे. ज्याच्या अंगावर मळके कपडे आहेत, ज्याच्या तोंडाला दारूचा वास येतो किंवा ज्याच्या सोबतीला कुणीच नाही, अशा माणसाशी बोलताना आपले ‘तुम्ही’ कधी ‘तू’वर घसरते, याकडे प्रत्येकाने स्वतःच लक्ष ठेवावे. वृद्धांशी लहान मुलासारखे लाडे लाडे बोलणेही टाळावे, कारण ‘शहाणं बाळ ना, तोंड उघड बघू’ हे वाक्य आयुष्यभर वीस माणसांचे कुटुंब चालवलेल्या बाईला ऐकवणे शोभत नाही.

बाहेरच्या जिल्ह्यांतून किंवा राज्यांतून आलेल्या सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथल्या पुष्कळ बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे बोलतात. ती इथली बोली आहे, तिला हसू नये आणि ती सुधारायलाही जाऊ नये. दुसरे असे की निपाणी, चिकोडी, बेळगावकडून येणाऱ्या वयस्कर रुग्णांपैकी अनेकांना मराठी समजते, परंतु दुखणे मात्र कन्नडमध्येच सांगता येते. ‘नोवु इदेया’ म्हणजे दुखते आहे का आणि ‘नीरु बेका’ म्हणजे पाणी हवे का, हे दोन प्रश्न पाठ करून ठेवावेत. उच्चार चुकला तर रुग्ण हसतो, आणि तिथूनच पुढचे सगळे सोपे होते.

अंग पुसताना

अंथरुणातल्या अंघोळीत, म्हणजे आपल्या भाषेत स्पंजिंग करताना, रुग्ण सर्वांत जास्त वेळ उघडा राहतो. त्यामुळे तयारी आधी पूर्ण करावी. गरम पाण्याचे भांडे, साबण, दोन-तीन पंचे, स्वच्छ कपडे आणि चादर हे सारे खाटेपाशी आल्याशिवाय गुंडीला हात लावू नये. अर्धवट पुसलेल्या माणसाला तसेच ठेवून पंचा शोधायला जाणे, हा आपल्या कामातला नेहमीचा आणि सर्वांत सहज टाळता येणारा अपमान आहे. पंखा बंद करावा, खिडकी लावावी आणि पाहुण्यांना बाहेर थांबायला सांगावे. पडदा नसेल, आणि अनेक ठिकाणी तो नसतो किंवा असला तरी त्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या असतात, तेव्हा दोन सलाईन स्टँड उभे करून त्यांवर जादा चादर टाकावी आणि सेफ्टी पिना लावाव्यात. अशा आडोशाला एक मिनिट लागते आणि खर्च शून्य.

पाणी आपल्या कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावे आणि ज्याला शक्य आहे त्याला स्वतःची बोटे बुडवून पाहू द्यावे, कारण ‘बरं आहे’ किंवा ‘अजून थोडं कोमट करा’ हे ठरवण्याचा हक्क अंग ज्याचे त्याचा आहे. जो भाग पुसायचा आहे तेवढाच उघडावा, त्याखाली पंचा घालावा, पुसून कोरडा करावा, झाकावा आणि मगच पुढच्या भागाकडे जावे. डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे पुसावेत. त्यानंतर चेहरा, हात, छाती, पोट, पाय आणि पाठ असे जावे. गुप्तांगे सर्वांत शेवटी, पाणी आणि फडके बदलून स्वच्छ करावीत आणि स्त्रियांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे पुसावे. रुग्णाचा एक हात जरी चालत असेल तरी ओले फडके त्याच्या हातात द्यावे, आपण तोंड दुसरीकडे करावे आणि तो ‘झालं’ म्हणेपर्यंत वळू नये. आपण केल्याने काम लवकर होते, हे कारण इथे चालणार नाही.

एका जुन्या पैलवानांची आठवण इथे सांगण्यासारखी आहे. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तीन दिवस त्यांनी कुणालाही अंग पुसू दिले नव्हते. केस पेपरवर ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडला होता. चौथ्या दिवशी पाळीवरच्या ब्रदरने भांडे खाली ठेवले, स्टूल ओढून तो बसला आणि तालमीत मालिश कुठून सुरू करतात असे त्याने विचारले. पैलवान सांगू लागले, पिंडरीपासून, मग मांडी, मग पाठ, दाब कसा हवा, हात कसा फिरवायचा. ब्रदरने त्याच क्रमाने अंग पुसले. माझ्या पद्धतीच्या दृष्टीने तो क्रम पूर्ण उलटा होता, पण चेहऱ्यासाठी वेगळे पाणी घेतले की त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. मालिश करून घ्यायची त्या माणसाला जन्माची सवय होती. नको होते ते हुकूम हातातून जाणे.

शक्य तेथे स्त्री रुग्णाचे काम परिचारिकेने आणि पुरुषाचे ब्रदरने करावे. ते शक्य नसेल तर तसे आधी सांगून परवानगी घ्यावी. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत स्पष्ट लिहिलेले आहे. आपण तिथे उभे राहणे हे उपकाराचे काम समजू नये. तृतीयपंथी रुग्णाला कोणाकडून करून घेणे बरे वाटेल, हे एकांतात त्यालाच किंवा तिलाच विचारावे आणि उत्तरावर चर्चा करू नये.

बेडपॅन, डायपर आणि लघवीची पिशवी

‘डायपर लावलाय ना, मग त्यातच करा.’ आपल्या व्यवसायात रोज बोलले जाणारे यापेक्षा कठोर वाक्य मला ठाऊक नाही. ज्याला संवेदना आहे आणि जो सांगू शकतो, त्याला डायपर हा आपल्या सोयीसाठी लावलेला असतो. वयाच्या तिसऱ्या वर्षी आलेली शुद्ध माणसाकडून काढून घेतली की तो एक-दोन दिवस हाक मारतो, नंतर हाक मारणे सोडतो आणि मग कमी पाणी पिऊ लागतो. पुढची बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग आणि भ्रम हे सारे त्या एका वाक्यातून सुरू झालेले मी पाहिले आहे. म्हणून हाक आली की बेडपॅन न्यावे, आणि लगेच जमणार नसेल तर ‘पाच मिनिटांत येते’ असे सांगून खरोखर पाच मिनिटांत जावे.

स्टीलचे बेडपॅन गार लागते. ते गरम पाण्याने विसळून कोरडे करावे. हाडाची दुखापत किंवा मनाई नसेल तर डोक्याकडची बाजू उचलून रुग्णाला जवळजवळ बसते करावे, कारण आडवे पडून शौचाला होणे शरीराला जमत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्याला चपटे पॅन द्यावे. चादर मांडीपर्यंत असू द्यावी, घंटी हाताशी ठेवावी आणि तिथून दूर व्हावे, पण हाकेच्या बाहेर जाऊ नये. उरकल्यावर रुग्णाचे हात धुवायला पाणी द्यायला आपण हमखास विसरतो. भांडे झाकून न्यावे. नाक मुरडू नये; मुखपट्टी लावली तरी डोळे दिसतातच. शेजारचा रुग्ण जेवत असेल तर त्यालाही कल्पना द्यावी, कारण अवघडलेपण दोघांचेही असते.

विचारण्याची भाषाही सांभाळावी. कक्षाच्या दारातून ‘मोशन झालं का हो आजोबा?’ असे ओरडून विचारले की चाळीस माणसे उत्तराची वाट पाहतात. जवळ जाऊन, कानाशी आणि त्यांच्या शब्दांत विचारावे. ‘परसाकडे झालं का’ किंवा ‘पोट साफ झालं का’ हे म्हाताऱ्या माणसांना लगेच कळते. कपड्यात झाले असेल तर ‘सांगायचं नाही का?’ हा प्रश्न गिळावा. ‘चला, कपडे बदलूया’ एवढे म्हणून कामाला लागावे.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये, हा संसर्ग टाळण्याचा नियम सर्वांना माहीत असतो. त्याला एक जोड द्यावी : ती दाराकडच्या बाजूला न लटकवता आतल्या बाजूला लावावी. रुग्ण चालायला लागला की जुन्या अभ्र्याला नाडी घालून शिवलेल्या कापडी पिशवीत ती ठेवावी. आमच्या कक्षातल्या मावशींनी अशा दहा-बारा पिशव्या शिवून दिल्या तेव्हा जे रुग्ण व्हरांड्यात फिरायला नकार देत होते, ते फिरू लागले.

बेशुद्ध माणसालाही हे सारे लागू आहे. दर दोन तासांनी कूस बदलताना ‘आक्का, आता डाव्या कुशीवर वळवतेय’ असे म्हणावे, ऐकू जाते की नाही याची चौकशी करत बसू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांचे केले. तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नव्हता, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाचा मान कसा राखतात, हे दाखवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

बांगड्या, मंगळसूत्र, टोपी

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘सगळं काढून ठेवा’ असे सांगून आपण पुढच्या खाटेकडे जातो. ज्या बाईने लग्नानंतर हातातला हिरवा चुडा उतरवलेला नाही, तिच्या मनात त्या वेळी काय येते ते समजून घ्यावे. बांगड्या ‘फोडायच्या’ आहेत असे कधीही म्हणू नये. मराठीत त्या ‘वाढवतात’, आणि हा शब्द नेमका अशाच प्रसंगासाठी आपल्या बोलण्यात आलेला आहे. साबणाच्या पाण्याने बहुतेक बांगड्या निघतात. हात सुजला असेल तरच कापडाखाली धरून वाढवाव्यात, आणि तेही घरच्या बाईला जवळ उभी करून. मंगळसूत्र तिच्या हातानेच काढू द्यावे, डॉक्टरांची हरकत नसेल तर दोऱ्यातली काळी पोत मनगटाला बांधून द्यावी, आणि दागिने नातेवाइकांच्या स्वाधीन करताना ‘पिवळ्या धातूचे’ अशी नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

लिंगायत रुग्णाच्या गळ्यातील इष्टलिंग न विचारता काढू नये. काढणे भागच असेल तर रुग्णाने किंवा घरच्यांनी काढून स्वच्छ वस्त्रात ठेवावे. चपलांच्या पिशवीत किंवा पायथ्याशी ते जाता कामा नये. मुस्लिम स्त्रियांचा बुरखा आणि स्कार्फ, म्हाताऱ्यांची टोपी, पटका आणि सासुरवाशिणीचा डोक्यावरचा पदर हे सारे निर्जंतुक खोलीच्या दारापर्यंत राहू शकते. बाहेर आल्यावर, नातेवाईक भेटण्यापूर्वी, ते परत अंगावर असेल एवढे पाहावे. माझ्या त्या आजोबांच्या वेळेपासून मी टोपी उशाखाली न ठेवता उशाशेजारी ठेवते.

जेवणाबाबत थोडक्यात : भरवताना उभे राहू नये, डोळ्यांच्या पातळीवर बसावे, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा चमचा नेऊ नये आणि नंतर अर्धा तास रुग्णाला बसते ठेवावे. शिरोळ, हातकणंगल्याकडचे अनेक जैन रुग्ण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत; रुग्णालयाचे ताट साडेसातला येत असेल तर त्यांची सोय आधी करावी आणि रात्रीच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना दुपारीच विचारावे.

कानावर पडणाऱ्या गोष्टी

पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला द्यायची माहिती, म्हणजे हँडओव्हर, खाटेपाशी देण्याची पद्धत चांगली आहे, पण तिथे काय बोलायचे आणि काय कागदावर ठेवायचे याचा विचार हवा. जखम, सलाईन, ताप खाटेपाशी सांगता येतो. गर्भपात, गुप्तरोग, आत्महत्येचा प्रयत्न, एचआयव्ही हे नर्सिंग स्टेशनवर हळू आवाजात सांगावे. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा संमतीशिवाय माहिती उघड करू देत नाही. खाटेला लाल खूण लावणे किंवा केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिणे हे उघड करणेच झाले. हातमोजे आणि काळजी सर्वांसाठी सारखीच घेतली तर त्या खुणेची गरजही राहत नाही.

इथे माणूस आजारी पडला की वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, भरून गाव भेटायला येते. ती आपुलकी खरी असते आणि तिच्यावर चिडून उपयोग नाही. परंतु व्हरांड्यात ‘सिस्टर, नेमकं काय झालंय त्यांना?’ असे विचारणारा प्रत्येक जण नातेवाईक नसतो. दाखल करतानाच रुग्णाला विचारून ठेवावे की माहिती कुणाला द्यायची. बाकीच्यांना ‘डॉक्टर त्यांच्या मुलाशी बोललेत’ एवढे सांगणे पुरेसे असते.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फळवाटप हा माझ्या नावडीचा विषय आहे, म्हणून तो टाळत नाही. दोन केळी आणि एक सफरचंद हातात देऊन, सलाईन लावलेल्या माणसाला उठवून बसवून फोटो काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरतो. फळे स्टेशनवर स्वीकारावीत. फोटोसाठी रुग्णाचा होकार त्याच्या तोंडून, कार्यकर्ते तिथे नसताना घ्यावा. माझा अनुभव असा की एकांतात विचारले तर बहुतेक जण नको म्हणतात. हाच नियम आपल्या स्वतःच्या मोबाइललाही लागू आहे.

हातपाय बांधण्यापूर्वी

रात्री गोंधळलेला वृद्ध माणूस नळ्या ओढू लागला की पट्टी शोधली जाते. आधी कारण शोधावे. लघवी तुंबली आहे का, दुखते आहे का, चष्मा किंवा कानातले यंत्र काढून ठेवले आहे का, अंधारात तो घाबरला आहे का. मंद दिवा आणि घरचे एक माणूस एवढ्याने पुष्कळदा भागते. डॉक्टरांच्या लेखी आदेशाने बांधावेच लागले तर मऊ पट्टीखाली दोन बोटे जातील इतकी सैल गाठ ठेवावी, दर अर्ध्या तासाने बोटांचा रंग आणि गारवा पाहावा, दर दोन तासांनी सोडून हालचाल द्यावी आणि नातेवाइकांनी ते पाहण्यापूर्वी त्यांना कारण सांगावे. मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधणे किंवा त्याचे सक्तीने मुंडण करणे याला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनाईच केली आहे.

अखेरच्या वेळी

प्रतिष्ठेने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. कक्षात त्याचा अर्थ असा की शक्यतो कोपऱ्यातली खाट, आडोसा, ओलसर ठेवलेले ओठ, थांबवता येण्याजोग्या वेदना थांबवणे आणि घरच्यांना हात धरून बसू देणे. तुळशीपत्र, गंगाजल, कलमा, णमोकार मंत्र यांपैकी जे त्या घराचे असेल त्याला वाट द्यावी.

मृत्यू घोषित झाल्यावर आपण डोळे मिटवतो, कवळी बसवतो, हनुवटीला आधार देतो, नळ्या काढून जागा बांधतो आणि अंग सरळ करतो. त्याआधी घरच्यांना एक प्रश्न जरूर विचारावा, कारण उत्तरे वेगवेगळी असतात. लिंगायतांमध्ये अनेक घरांत देह बसवून दफन करतात आणि दोन-तीन तासांत शरीर ताठरू लागते, त्यामुळे तिथे घाई त्यांची असते आणि कागदपत्रे आपण लवकर करायची असतात. मुस्लिम कुटुंबे स्नान स्वतः घालतात आणि स्त्रीच्या देहाला स्त्रियांनीच हात लावावा अशी त्यांची अपेक्षा असते. ‘बॉडी’ हा शब्द नातेवाइकांसमोर वापरू नये. काल जी हाक होती तीच आजही वापरावी. चष्मा, टोपी, जपमाळ, तंबाखूची चंची असे जे असेल ते स्वच्छ पिशवीत घालून यादीसह हातात द्यावे.

नेताना चेहरा झाकलेला असावा आणि स्ट्रेचर कक्षाच्या मधून न्यायचे असेल तर आजूबाजूचे पडदे आधी ओढावेत. खाट धुऊन नवी चादर घातली जाण्यापूर्वी शेजारच्या रुग्णाजवळ दोन मिनिटे बसावे. रात्रभर त्याने सारे ऐकलेले असते, आणि ‘आण्णा कुठं गेलं?’ असे तो विचारतो तेव्हा ‘दुसऱ्या वॉर्डात हलवलं’ असे सांगू नये.